शाळेसाठी लिलाव : मोल कोणाचं, निर्णय कोणाचा?

(महाड येथे महाड व पोलादपूर तालुक्यांतील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



शाळेसाठी पैसे उभे करायला लिलाव कसा करावा, यावर मी बोलावं असं शिबिराच्या आयोजकांनी सांगितलं आहे. काहीजणींच्या चेहऱ्यावर मला प्रश्न दिसतोय. शिबिर स्त्रियांच्या हक्काचं आणि विषय लिलावाचा? पापड-कुरडया विकून शाळेला पंखे घेऊन द्यायचे, एवढ्यासाठी का आपण एसटीचे धक्के खात इथं आलो? प्रश्न रास्त आहे. लिलावाची तयारी कशी करायची ते मी सांगणारच आहे, पण त्याआधी हे काम आपण का हातात घ्यायचं ते बोलू.

लिलाव आपल्याला नवा नाही. शिमग्याच्या पालखीला, सत्यनारायणाच्या पूजेला, गणपतीच्या दिवसांत आपल्या गावांतून नारळाचा, केळीच्या घडाचा, कोंबड्याचा लिलाव होतो. गोव्यात देवळातल्या अशा लिलावाला पावणी म्हणतात. मुंबईत लालबागच्या राजापुढे आलेल्या सोन्याचांदीच्या वस्तूंचा दरवर्षी लिलाव होतो, तो बघायला आपलेच चाकरमानी उभे असतात. लिलाव हा शब्दही आपण पोर्तुगीजांकडून घेतला आणि तो इतका आपला झाला की परका वाटतच नाही.

आता आठवून बघा. गावातल्या लिलावात पुकारतो कोण? पुरुष. बोली लावतो कोण? पुरुष. पैसे जमा कुठं होतात? मंडळाकडे, आणि मंडळात नावं पुरुषांची. मग बाई कुठं असते? तिनं अंगण सारवलेलं असतं, प्रसाद रांधलेला असतो, लिलावातला कोंबडा पिल्लू होता तेव्हापासून तिनंच वाढवलेला असतो. त्या कोंबड्याचे तीन हजार येतात तेव्हा ती दाराआड उभी असते. तीन हजार आले हे तिला रात्री जेवताना कळतं.

लिलाव म्हणजे गावासमोर वस्तूची किंमत मोठ्यानं बोलणं. आपण जर शाळेसाठी लिलाव करणार असू, तर त्यात दोन गोष्टी झाल्या पाहिजेत. वस्तूमागचं बाईचं काम मोजलं गेलं पाहिजे आणि आलेल्या पैशाचा निर्णय बायकांच्या हातात राहिला पाहिजे. या दोन्ही झाल्या नाहीत, तर पैसे कितीही जमोत, आपण पुन्हा एकदा फुकट राबलो एवढाच त्याचा अर्थ.

पहिला प्रश्न पैसे कशासाठी जमवायचे हा. बहुतेक गटांत उत्तर तयार असतं : मुलींच्या संडासासाठी, पाण्याच्या टाकीसाठी, कुंपणासाठी. इथं थांबा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात शाळेत काय असलंच पाहिजे याची यादी आहे. मुलामुलींसाठी वेगवेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, प्रत्येक शिक्षकामागे एक वर्ग, पोषण आहार शिजवायला जागा, खेळायला मैदान, कुंपण, वाचनालय, अपंग मुलांना विनाअडथळा आत येता येईल अशी सोय. ही सरकारची जबाबदारी आहे. आपण पापड लाटून स्वच्छतागृह बांधलं, तर पुढच्या वर्षी शेजारच्या वाडीला सांगतील, त्यांनी बांधलं, तुम्हीही बांधा. आपलं कौतुक होईल आणि शेजारणीचा हक्क जाईल.

तुम्ही म्हणाल, ताई, अर्ज करून दोन वर्षं झाली, मुलींचे हाल आज होतायत. खरं आहे. म्हणून लिलावाच्या तयारीतलं पहिलं काम अर्ज. महिला ग्रामसभेत ठराव करा, त्याची प्रत ग्रामपंचायतीला, गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेला द्या, पोच घ्या. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्चायचा असतो, त्याचा हिशेब त्याच सभेत मागा. लिलावाच्या दिवशी हा अर्ज आणि त्याची पोच शाळेच्या भिंतीवर लावा. लोकांना कळू द्या की आपण भीक मागत नाही आणि सरकारला सोडलेलंही नाही.

मग लिलाव कशासाठी? जे कायद्यात बसत नाही, पण ज्यावाचून मुलीचं शिक्षण तुटतं, त्यासाठी. आपल्या भागातलं एक उदाहरण घेते. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात वाड्या आहेत. वाडीतली शाळा चौथी-पाचवीपर्यंत. पुढं मुली खाली येतात. पाचवीपासून बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत एसटीचा पास फुकट आहे. पण पास फुकट असून उपयोग काय, गाडीच वर येत नाही! आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायदा लागू आहे, शाळा लांब असेल तर वाहतूक भत्ता मागता येतो, तो मागाच. नववी-दहावीला तो कायदा संपतो आणि नेमकी तिथंच मुलगी घरी बसते. जून ते सप्टेंबर ओढे भरलेले, वाट निसरडी, संध्याकाळी लवकर अंधार. बाप म्हणतो, मुलगा जाईल, पोरीला कशाला पाठवायची. एकदा पावसाळाभर घरी बसली की दिवाळीनंतर परत जात नाही. मग मे महिन्यात मुंबईचं स्थळ येतं.

समजा अशा नऊ मुली आहेत. पावसाळ्यातले शाळेचे सत्तर दिवस धरा, जीपवाला जाऊन-येऊन दिवसाला सहाशे मागतो. बेचाळीस हजार झाले. हा आकडा पहिल्या दिवशीच फळ्यावर लिहा. 'शाळेच्या विकासासाठी' असं मोघम कधीही लिहू नका. विकास म्हटलं की कमान होते. नऊ मुली, सत्तर दिवस, बेचाळीस हजार असं लिहिलं की प्रत्येकाला कळतं की आपली सहाशेची बोली म्हणजे नऊ मुलींचा एक दिवस.

दुसरा प्रश्न जागेचा. लिलाव देवळाच्या सभामंडपात घ्यायचा सोपा सल्ला तुम्हाला मिळेल. तिथं माणसं आपोआप येतात, मांडव असतो, लाऊडस्पीकर असतो. पण तिथं पाळी आलेली बाई येणार नाही. बौद्धवाडीतली बाई बाहेर उभी राहील, मुसलमान मोहल्ल्यातली येणारच नाही, कातकरी वाडीला कोणी निरोपही देणार नाही. मुली मात्र या सगळ्यांच्या त्याच शाळेत आहेत. आमंत्रण हळदीकुंकवाच्या घरांतून फिरवलंत, तर विधवा आणि टाकलेल्या बायका आपोआप गळतील. म्हणून लिलाव शाळेच्या अंगणात आणि निरोप प्रत्येक वाडीत त्या वाडीतल्याच बाईच्या तोंडून.

जागा ही किरकोळ गोष्ट नाही, हे महाडमध्ये बसून मी तुम्हाला सांगायला नको. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, हे आपण दरवर्षी आठवतो. त्या परिषदेसाठी जमलेल्या माणसांना चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं, गावात तळं भरलेलं असताना. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुन्हा परिषद भरायची, तर मांडवाला जागा मिळेना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला तिथं मनुस्मृती जाळली गेली आणि त्याच मुक्कामात बाबासाहेब स्त्रियांच्या सभेत बोलले, मुलींना शिकवा म्हणाले. सभेला कोण येऊ शकेल हे जागेवरून ठरतं, हा धडा या गावानं सगळ्या देशाला दिला आहे. आपल्या अंगणातल्या लहानशा कार्यक्रमाला तो लागू पडतोच.

आता वेळापत्रक. शाळा जूनच्या मध्याला उघडते, म्हणून मागं मोजत या. फेब्रुवारीत महिला ग्रामसभा, ठराव, अर्ज. मार्चमध्ये शिमग्याला चाकरमानी गावी येतात, तेव्हा त्यांना आकडा सांगा आणि तारीख द्या. एप्रिलमध्ये कडक ऊन, तेव्हा वाळवणं होतात, वस्तू तयार होतात. लिलाव मेच्या पहिल्या पंधरवड्यात, चाकरमानी गावात असताना. लग्नाची तिथी टाळा. संध्याकाळी साडेचारला सुरू करा आणि दीड तासात संपवा, कारण सहानंतर बाईचं लक्ष चुलीकडे जातं आणि तुमच्यापुढं फक्त पुरुष उरतात. मेमध्ये वळवाचा पाऊस येतो, तेव्हा वर्गाची किल्ली हाताशी असू द्या.

वस्तू गोळा करताना एक नियम कडक पाळा : वस्तू जिची आहे तिनं स्वतः दिली पाहिजे. नवरा मोठेपणानं म्हणतो, आमच्याकडून दोन कोंबड्या लिहा. कोंबड्या कोणाच्या? तिच्या. अंडी विकून तिचा मिठामिरचीचा, औषधपाण्याचा खर्च चालतो. अशा वेळी आमच्या गटातली बाई घरी जाऊन तिला एकटीला विचारते. ती नको म्हणाली तर नाव काढून टाकतो आणि नवऱ्याला सांगतो, तुम्ही तुमचं काही द्या.

दुसरं, वस्तू देणारीला दोन पर्याय द्या. एक, सगळी रक्कम शाळेला. दोन, घातलेला खर्च तिला परत आणि वरचे पैसे शाळेला. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कातकरी बाईनं मध आणला किंवा कोणी सूप-टोपल्या विणून आणल्या, तर त्यांचे चार दिवस त्यात गेलेले असतात. तिला उपाशी ठेवून शाळेचा फंड वाढवायचा नाही. कोणी कुठला पर्याय घेतला हे वहीत लिहा, पण जाहीर करू नका.

दागिने मागू नका, कोणी भर सभेत काढून दिले तरी घेऊ नका. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांना जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी एक एक दागिना मोडला, शेवटी मंगळसूत्रही दिलं. त्यांच्यापुढं आपण नतमस्तक आहोत. १९३३-३४ च्या हरिजन दौऱ्यात गांधीजी बायकांनी दिलेल्या दागिन्यांचा सभेतच लिलाव करीत. त्या काळाचं ते मोठेपण होतं. पण आज गरीब बाईच्या अंगावर असलेलं दोन ग्रॅम सोनं हीच बहुधा तिच्या हातातली एकमेव शिल्लक आहे. आजारपणात, नवऱ्यानं टाकल्यावर तेच उपयोगी पडतं. लक्ष्मीबाईंचा त्याग मनात ठेवू, पण तो दुसऱ्या बाईकडून वसूल करायचा नाही.

लिलावात काय ठेवता येईल याची आपल्या भागातली यादी फार चांगली होते. नाचणीचे आणि तांदळाचे पापड, फणसाचे गरे तळून, आमसूल, कोकमाचं आगळ, घरचे कुळीथ, सोललेले काजू, रायवळ आंब्याच्या पेट्या, लोणचं, गोधड्या, घोंगडी, सुपं, टोपल्या, रोपं. पण यादी वाचल्यावर लक्षात येतं की सगळं बाईच्या हातचं आहे. मग पुरुषांनी काय द्यायचं, फक्त बोली? म्हणून आम्ही कामाचेही लिलाव ठेवतो, पण पुरुषांच्या कामाचे. पावसाआधी एका घराची कौलं परतून देणं. सुतारानं दोन खिडक्या दुरुस्त करून देणं. वायरमनचा एक दिवस. जीपवाल्याची महाडच्या दवाखान्यापर्यंतची एक फेरी. एका गावात कौलं परतण्याच्या लिलावाला सगळ्यांत जास्त रंग चढला, कारण एकट्या राहणाऱ्या तीन म्हाताऱ्या एकमेकींवर बोली चढवत होत्या. शेवटी त्या तरुणानं तिघींचीही कौलं परतली आणि तिघींनीही पैसे भरले. 'वहिनींच्या हातचं जेवण' मात्र लिलावात ठेवू नका. ते तर बाई रोज फुकट करतेच आहे.

आता या सगळ्याचा गाभा, म्हणजे किंमत. प्रत्येक वस्तूची चिठ्ठी करा. त्यावर तीन ओळी : सामानाचा खर्च, लागलेला वेळ, त्या वेळेची मजुरी. मजुरी कुठल्या दरानं धरायची यावर वाद घालू नका, सरकारी दर घ्या. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. एक गोधडी घेऊ. कापड जुनं, घरातलं. सुया, दोरा ऐंशी रुपये. दुपारचे दोन तास, असे सोळा दिवस, म्हणजे बत्तीस तास, आठ तासांचे चार दिवस. चार गुणिले तीनशे बारा, बाराशे अठ्ठेचाळीस. दोरा धरून तेराशे अठ्ठावीस. ही बेरीज करताना गटातली एक बाई हसायला लागली. म्हणाली, "अगं, मी आजवर अशा तीस शिवल्या असतील, कोणी मला कधी दिवस विचारला नाही." हसता हसता ती गप्प झाली. तीस गोधड्यांचा हिशेब तिनं मनात केला असणार.

पुकारणारी या तीन ओळी मोठ्यानं वाचते. मगच बोली सुरू. पहिली बोली एकूण किमतीच्या निम्म्यावर धरा, इथं साडेसहाशे. कमी रकमेपासून सुरुवात केली की जास्त माणसं बोलतात आणि जास्त माणसं बोलली की किंमत चढते. निम्म्याच्या खाली वस्तू द्यायची नाही, देणारीला सन्मानानं परत करायची. ती नऊशेला गेली, तरी गावानं एक गोष्ट ऐकलेली असते : तेराशे अठ्ठावीसचं काम आपण नऊशेला घेतलं. हे ऐकू येणं मला पैशाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

पण बाई बोली लावेल का? महाडच्या बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या आपल्या बायका दिवसभर भाव करतात, कोणाला ऐकत नाहीत. त्याच बाईला गावच्या अंगणात बसवा, तोंड उघडत नाही. मी एकीला विचारलं तर म्हणाली, "ताई, बाजारात कोण ओळखतं? इथं सासरे बसलेत, दीर बसलेत. त्यांच्यापुढं मी सव्वाशे म्हणायचं?" म्हणजे भीती पैशाची नाही, आवाजाची आहे. यावर भाषण देऊन उपयोग नाही, सराव लागतो. बचत गटाच्या बैठकीत दोन वेळा खोटा लिलाव करा. खडू, वाटी, चप्पल, काहीही पुकारा. खूप हसू होतं आणि आवाज मोकळा होतो.

बसण्याची रचना आधी ठरवा. पुरुष खुर्च्यांवर पुढं आणि बायका सतरंजीवर मागं, असं झालं की निम्मा लिलाव तिथंच हरलात. सगळ्यांना सतरंजी, बायका पुकारणारीच्या समोर. पुकारणारी बाईच हवी, आणि गावातलीच. पहिल्या चार वस्तूंवर फक्त बायकांनी बोली लावायची, हे सुरुवातीलाच जाहीर करा. त्या वस्तू स्वस्त ठेवा, वीस-तीस रुपयांपासून सुरू होणाऱ्या, म्हणजे पदराच्या गाठीत पन्नास रुपये असलेलीही बोलेल. एकदा बोललेली बाई दुसऱ्यांदा गप्प बसत नाही.

वस्तू किती ठेवायच्या? माणसांच्या निम्म्याहून कमी. साठ माणसं येणार असतील तर पंचवीस पुरेत. प्रत्येक वस्तूला निदान दोन गिऱ्हाइकं हवीत, तरच बोली चढते. पापडाची वीस पाकिटं एकामागून एक पुकारलीत तर शेवटची पाच कोणी घेणार नाही. जास्तीचा माल बाजूच्या टेबलावर ठरलेल्या भावानं विका. चांगल्या वस्तू मध्यावर आणा, तेव्हा गर्दी पूर्ण असते. बोली दहा-दहानं चढवा, हजाराच्या वर पन्नासनं. 'एकवार, दोनवार, तीनवार' सावकाश म्हणा. तीनवार झाल्यावर कोणीही असो, सरपंच असो, बोली उघडायची नाही.

आणि उधारी नाही. आपल्या गावांतून लिलावाचे पैसे पुढच्या शिमग्याला द्यायची रीत आहे. बोली आज, टाळ्या आज, पैसे वर्षानं, कधी तेही नाहीत. आपण सरळ सांगायचं : पैसे आले की वस्तू मिळेल. दोन टेबलं ठेवा. एकीकडे बोली लिहिणारी, दुसरीकडे पैसे घेणारी. एकाच बाईकडे दोन्ही कामं नकोत, म्हणजे उद्या कोणी तिच्यावर बोट ठेवणार नाही. पावतीपुस्तक कार्बनचं. मोबाईलवरून येणारे पैसेही कोणाच्या खासगी नंबरवर घेऊ नका.

लिलावात एक धोका असतो, तो चढाओढीचा. दोन भावक्या इरेला पेटल्या की नारळ पाच हजारांवर जातो. आयोजक खूश होतात. पण ज्यानं हरून मान खाली घातली त्याच्या घरी त्या रात्री राग कोणावर निघतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पुकारणारीनं अशा वेळी हात जोडून थांबवावं, ठरलेल्या कमाल रकमेला दोघांच्या नावानं एकच चिठ्ठी काढावी आणि वरची रक्कम देणगी म्हणून पावतीवर घ्यावी. चिठ्ठ्या विकून सोडत काढू नका, ती लॉटरी ठरून तुम्ही अडचणीत याल.

लिलाव कुठपर्यंत जाऊ शकतो याचं वाईट उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाचा लिलाव होऊन बोली दोन कोटींच्या वर गेली. पैसे देवळासाठी होते. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीतही तसंच झालं. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं दोन्ही ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. काम चांगलं असलं म्हणून काहीही विकता येत नाही. पद, मत, मान, शाळेच्या समितीतली जागा यांना बोली नसते. कोणी म्हणेल, मी वीस हजार देतो, माझ्या सुनेला समितीवर घ्या. वीस हजार परत करा. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, हे कायद्यानं दिलं आहे. ते विकत घ्यायची गरज नाही आणि विकायचा अधिकार नाही.

शेवटचं काम हिशेबाचं. लोक उठायच्या आधी वर्गातला फळा अंगणात आणा. जमा किती, खर्च किती, देणाऱ्यांना परत किती, शिल्लक किती, सगळ्यांसमोर लिहा. जमलेली रक्कम दुसऱ्या दिवशी शाळेच्या अधिकृत खात्यात भरा आणि भरल्याची पावती भिंतीवर लावा. शाळेबाहेरच्या लोकांकडून वर्गणी गोळा करणार असाल, तर धर्मादाय कार्यालयाचे नियम आधी विचारून घ्या. खर्चाचा ठराव बायकांच्या सभेत आणि त्याची नोंद समितीच्या इतिवृत्तात. पालकांवर सक्ती करू नका. ज्या आईनं काही दिलं नाही, तिच्या मुलीचीही जीपमधली जागा तेवढीच पक्की. आणि पाटी लावायची असेल तर सगळ्यांची लावा, मूठभर कुळीथ देणारीचीही. तिचं नाव तिचंच, 'अमक्याची सौभाग्यवती' नको.

लिलावानं सगळं भागेल असं मी सांगणार नाही. पंचवीस वस्तूंना सरासरी आठशे मिळाले तर वीस हजार होतात, बेचाळीस नाहीत. बाकीचे मुंबईच्या मंडळाकडे, ग्रामपंचायतीच्या दहा टक्क्यांत, पुढच्या लिलावात शोधावे लागतात. पण मागायला जाताना आपल्या हातात वीस हजारांचा चोख हिशेब असतो. तो हिशेब हातात असलेल्या बाईशी मंडळाचे अध्यक्ष वेगळ्या आवाजात बोलतात, हे मी पाहिलं आहे.

मुलींच्या शिक्षणासाठी पैसे मागत फिरणं हे कमी प्रतीचं काम आहे असं कोणाला वाटत असेल, तर पार्वतीबाई आठवल्यांचं नाव सांगा. देवरुखच्या, आपल्या कोकणातल्या, विधवा बाई. कर्व्यांच्या आश्रमासाठी वर्गणी मागत त्या गावोगाव फिरल्या आणि १९१८ साली एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथं घरकाम करून राहिल्या, पण आश्रमासाठी पैसे जमवले.

आपल्या भागानं घेणं पुष्कळ पाहिलं आहे. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पुरात बुडालं, तळीयेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. नंतर मदत आली, ती हवीच होती. पण त्या मदतीच्या रांगेत बाई फक्त घेणारी होती. काय हवं, किती हवं, हे ठरवणारे दुसरे होते. शाळेच्या लिलावात तीच बाई देते, बोली लावते, हिशेब लिहिते आणि पैसे कुठं जातील हे ठरवते. पैशांइतकाच मला त्याचा मोह आहे.

म्हणून इथून गेल्यावर प्रत्येक गटानं तीन गोष्टी करा. आपल्या वाडीतल्या किती मुली आठवीनंतर थांबल्या, नावानिशी मोजा. त्या का थांबल्या, त्यांच्या आयांना विचारा. त्यातलं सरकारनं द्यायचं काय आणि आपण उभं करायचं काय, याच्या दोन याद्या करा. पहिल्या यादीचा अर्ज लिहा, दुसऱ्या यादीपुढं आकडा लिहा. तो आकडा घेऊन माझ्याकडे या, पुढच्या शिमग्याच्या आत. पुकारायचा सराव आपण मिळून करू.